वजनकाटा आणि आपली नजर

दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर आपल्या वसतिगृहात आरोग्य तपासणी होते. सभागृहाच्या मध्यभागी वजनकाटा ठेवला जातो, मुले रांगेने येतात, एक शिक्षक आकडा मोठ्याने सांगतात आणि दुसरे तो नोंदवहीत उतरवून घेतात. कित्येक वर्षे आम्ही हे काम असेच केले. तीस, बत्तीस, अठ्ठावीस असे आकडे येत असताना मध्येच एखादा सत्तरचा आकडा उच्चारला जाई आणि रांगेतून हशा उठे. ‘शांत राहा’ असे म्हणून आम्ही पुढचे नाव पुकारत असू. एका वर्षी असाच एक विद्यार्थी काट्यावरून उतरला आणि त्या रात्री जेवणाच्या पंगतीला आला नाही. विचारले तेव्हा पोट दुखते म्हणाला. त्याच्या खोलीतल्या मुलांकडून पुढे कळले, की सुट्टीत मुलांनी दूरचित्रवाणीवर अतिस्थूल माणसांचा एक परदेशी कार्यक्रम पाहिला होता आणि त्यातल्या एका माणसाचे नाव याला चिकटले होते. पुढील वर्षी तो विद्यार्थी परत आला नाही. दाखला न्यायला आलेल्या त्याच्या वडिलांनी, घर दूर पडते, एवढेच कारण सांगितले.

त्या हशाला जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. मुलांना दोष देऊन तो सुटत नाही. स्थूल माणसाकडे कसे पाहावे, हे मुले घरात, रस्त्यावर आणि आता मोठ्या प्रमाणात पडद्यावर शिकतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दूरचित्रवाणीने ही नजर कशी घडवली आणि ती नजर सत्याला कितपत धरून आहे, याचा थोडा विचार येथे मांडत आहोत.

आपल्या समाजात स्थूलतेकडे पाहण्याची दृष्टी पूर्वीपासूनच दुहेरी आहे. ज्या घरांनी उपासमार पाहिली, त्या घरांत अंगाने भरलेले मूल हे सुदैव मानले जाई. ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुकाचे शब्द होते. दुसऱ्या बाजूला तेच शरीर हसण्याचा विषयही होते. लॉरेल आणि हार्डी या जोडीला मराठी प्रेक्षकांनी ‘जाड्या-रड्या’ असे नाव दिले. उमादेवी या ‘दर्द’ (१९४७) चित्रपटातील गाण्यांमुळे गाजलेल्या गायिका होत्या. ‘बाबुल’पासून (१९५०) त्या ‘टुणटुण’ या नावाने विनोदी भूमिका करू लागल्या आणि पुढे ते नाव देशभरातल्या शाळांत स्थूल मुलींना चिडवण्यासाठी वापरले गेले. त्यांचा आवाज लोक विसरले. शरीर तेवढे लक्षात राहिले.

मात्र जुन्या विनोदी चित्रपटात निदान एक गोष्ट स्पष्ट असे : समोर चालले आहे ते नाटक आहे. एकविसाव्या शतकात अमेरिकन दूरचित्रवाणीने खऱ्या माणसांची खरी शरीरे पडद्यावर आणली आणि त्या दर्शनाला उपचाराचे व उपदेशाचे रूप दिले. २००४ साली ‘एनबीसी’ वाहिनीवर ‘द बिगेस्ट लूझर’ सुरू झाला. अतिस्थूल स्पर्धकांना घरापासून दूर एकत्र ठेवायचे, दररोज तासन् तास व्यायाम करवून घ्यायचा, आहार कमी करायचा आणि आठवड्याच्या शेवटी भल्यामोठ्या काट्यावर सर्वांसमक्ष उभे करायचे, असे त्याचे स्वरूप होते. पुरुष उघड्या अंगाने काट्यावर चढत. आकडा फिरत राही, संगीत वाढत जाई. ज्यांचे वजन सर्वांत कमी उतरे, त्यांच्यावर बाहेर पडण्याची पाळी येई. शेवटच्या विजेत्यास अडीच लाख डॉलर मिळत. कार्यक्रमाच्या नावातच श्लेष आहे. इंग्रजीत ‘लूझर’ म्हणजे गमावणारा. आणि हरलेला, कुचकामी माणूस असाही त्याचा अर्थ होतो. अनेक देशांनी या कार्यक्रमाच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या. आपल्याकडेही २००७ मध्ये तो ‘बिगेस्ट लूझर जीतेगा’ या नावाने हिंदीत आला.

२०१२ मध्ये ‘टीएलसी’ वाहिनीने ‘माय ६०० एलबी लाइफ’ हा कार्यक्रम सुरू केला. सहाशे पौंड म्हणजे सुमारे २७२ किलो. ह्यूस्टन येथील शल्यचिकित्सक डॉ. यूनान नौझरादान यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांचे आयुष्य त्यात दाखवले जाते. येथे स्पर्धा नाही. उपचार खरे आहेत आणि काहींना त्यातून पुन्हा चालता-फिरता येऊ लागले, हे मान्य केले पाहिजे. परंतु कॅमेरा कोठे रेंगाळतो, हेही पाहिले पाहिजे. अंथरुणातून उठण्याची धडपड, दुसऱ्याच्या मदतीने होणारी आंघोळ, समोर मांडलेले खाद्यपदार्थ हे पुन्हा पुन्हा येते. कोणताही रुग्ण शेजाऱ्यालाही दाखवू देणार नाही, ते येथे जगाला दाखवले जाते.

अशा कार्यक्रमांतून सहानुभूती वाढते, असे त्यांचे समर्थक म्हणतात. अमेरिकेतील संशोधकांनी हे तपासून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५९ व्यक्तींपैकी काहींना ‘द बिगेस्ट लूझर’चा सुमारे ४० मिनिटांचा भाग दाखवला गेला आणि इतरांना निसर्गविषयक कार्यक्रम. पहिल्या गटात स्थूल माणसांविषयीची नावड वाढलेली आढळली. वजन हे सर्वस्वी माणसाच्या हाती असते, हा समजही अधिक घट्ट झालेला दिसला. प्रयोग लहान होता, पण त्याचे कारण समजणे अवघड नाही. या कार्यक्रमांची कथा नेहमी एकच असते : माणूस चुकला, त्याने कबुली दिली, प्रायश्चित्त घेतले आणि तो उद्धरला. ही कथा मनात बसली, की रस्त्यात दिसणारा प्रत्येक स्थूल माणूस प्रायश्चित्त न घेतलेला अपराधी वाटू लागतो.

ही कथा शरीराच्या व्यवहाराशी जुळते काय? याचे उत्तर त्याच कार्यक्रमातून मिळाले. केव्हिन हॉल या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह आठव्या पर्वातील १४ स्पर्धकांचा सहा वर्षे मागोवा घेतला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३० आठवड्यांच्या स्पर्धेत या मंडळींचे वजन सरासरी ५८ किलोंनी घटले होते; सहा वर्षांत त्यातील सरासरी ४१ किलो परत आले. अधिक महत्त्वाची बाब पुढे आहे. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीर हृदय, मेंदू, श्वसन यांसाठी उष्मांक खर्च करीत असते. या स्पर्धकांच्या वजनाच्या व वयाच्या माणसाने जेवढे उष्मांक खर्च करावेत, त्याहून त्यांचे शरीर सहा वर्षांनंतरही दररोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत होते. म्हणजे ज्या जेवणावर दुसऱ्याचे वजन स्थिर राहील, त्याच जेवणावर यांचे वाढणार. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला देते. स्पर्धेच्या अखेरीस त्यांच्या शरीरातील लेप्टिन जवळजवळ नाहीसे झाले होते. झपाट्याने घटलेले वजन शरीर दुष्काळ समजते आणि पुन्हा साठा करण्याच्या मागे लागते. कॅमेरे निघून गेल्यावर ही माणसे केवळ मोहाशी नव्हे, तर स्वतःच्या शरीराच्या या राखणदारीशी झुंजत होती. प्रेक्षकांना मात्र ती आळशी झाली, असे वाटले.

वजनात आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. १९८६ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास केला. प्रौढपणी त्यांच्या शरीराची ठेवण जन्मदात्या आईवडिलांशी जुळणारी निघाली; ज्यांच्या घरी त्या जेवल्या-वाढल्या, त्या पालकांशी तसा संबंध आढळला नाही. याचा अर्थ आहाराला महत्त्व नाही, असा नव्हे. स्वस्त व अतिगोड पदार्थ, बैठे काम, अपुरी झोप, काही औषधे, मानसिक आघात ही सारी कारणे आहेतच. पण एकाच ताटात जेवणारी दोन भावंडे सारखी वाढत नाहीत, हे आपल्या स्वयंपाकघरांनीही पाहिलेले आहे.

लाजवले म्हणजे माणूस सुधारतो, हा दुसरा समज. अमेरिकेत पन्नाशीपुढील सहा हजारांहून अधिक लोकांच्या चार वर्षांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये निघालेला निष्कर्ष याच्या उलट आहे. सुरुवातीला अतिस्थूल नसलेल्यांपैकी ज्यांनी वजनावरून भेदभाव सोसला, ते पुढे अतिस्थूल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. अपमान झालेला माणूस मैदानावर जात नाही, डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतो आणि एकटा खातो. हे लक्षात घेऊनच २०२० मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकातून स्थूलतेवरून होणारी अवहेलना थांबवण्याचे संयुक्त आवाहन केले.

आणि वजन उतरले तरी नजर सोडत नाही. २०१४ साली ‘द बिगेस्ट लूझर’ची विजेती ११८ किलोंवरून सुमारे ४८ किलोंवर आली, तेव्हा तेच प्रेक्षक ती फारच वाळली म्हणून तिच्यावर तुटून पडले.

हे सर्व दूरदेशीचे आहे, असे वाटू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील एक महिला उपचारासाठी मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. तिला खाटेसह क्रेनने उचलतानाची दृश्ये आपल्या वाहिन्यांनी घरोघरी पोहोचवली. तिच्या चाचण्यांत लेप्टिनशी संबंधित जनुकात दोष आढळल्याचे डॉक्टरांनी पुढे जाहीर केले. म्हणजे पुरेसा साठा असल्याचा निरोप तिच्या मेंदूपर्यंत नीट पोहोचतच नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे तिचे निधन झाले. आज लोकांना क्रेन आठवते. जनुक क्वचितच कोणाला आठवतो. स्थूलतेच्या बातम्यांत बहुधा मानेखालचेच शरीर दाखवतात, हे ब्रिटिश अभ्यासक शार्लट कूपर यांनी २००७ मध्ये दाखवून दिले होते. चेहरा वगळला, की माणूस उरत नाही. वजन तेवढे उरते. बोलण्याआधीच, केवळ पाहून, माणसाची किंमत ठरवणारी नजर काय असते, हे आपल्या आजी-आजोबांनी दुसऱ्या कारणाने पुरेपूर सोसले आहे. ती नजर आपल्याकडून कोणावर पडू नये, एवढी अपेक्षा आपल्या माणसांकडून वाजवी ठरेल.

तर मग स्थूलतेविषयी मौनच पाळावे काय? तसे नाही. अतिस्थूलतेमुळे मधुमेह, हृदयविकार, सांध्यांचे विकार बळावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आहेत. बोलले पाहिजे, पण ते कसे, याचा एक जुना दाखला आपल्या परंपरेत आहे.

संयुत्तनिकायातील दोणपाकसुत्तात कोसलनरेश प्रसेनजिताची गोष्ट येते. हा राजा भातावर ताव मारून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याची स्थिती ओळखली आणि मिताहाराविषयी एक गाथा म्हटली. त्या गाथेत राजाच्या पोटाचा उल्लेख नाही. जागृत राहून मोजके खाणाऱ्या कोणत्याही माणसाला ती लागू पडावी. राजाने आपणहून सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करायला सांगितली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणावयास लावली. हळूहळू त्याचा आहार कमी झाला आणि शरीर हलके झाले. प्रत्येक शरीर असे सहज हलके होत नाही, हे आपण वर पाहिलेच. आम्हांस महत्त्वाची वाटते ती पद्धत. येथे निंदा नाही, आकडा नाही. उपदेश सौम्य आहे, तो स्वीकारण्याचा निर्णय ज्याचा त्याचा आहे आणि रोज आठवण करून देणारा माणूस जवळचा आहे.

आता आपल्या वसतिगृहात वजनकाटा कार्यालयाशेजारच्या खोलीत असतो. एका वेळी एकच मूल आत जाते. आकडा लिहिला जातो, उच्चारला जात नाही. वजन फार कमी वा फार अधिक असेल, तर पालकांना भेटीत सांगितले जाते आणि डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. वजन अधिक असलेल्या मुलाला खेळातून वगळले जात नाही आणि त्याच्या ताटावर कोणी शेरा मारत नाही. पालकांनाही आमची विनंती आहे, की घरी असे कार्यक्रम लागले, तर मुलांसोबत बसावे आणि पडद्यावरच्या त्या माणसाला घरी कोण कोण असेल, त्याला काय आवडत असेल, एवढे तरी विचारावे.

हा बदल करण्यास आम्ही उशीर केला. ज्याने त्या रात्री जेवण टाळले, तो आज मोठा झाला असेल आणि कोणा मित्राच्या घरी कदाचित ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल. तुझा आकडा मोठ्याने वाचणारा आवाज आमचा होता. हसणाऱ्यांना आम्ही शांत राहायला सांगितले, पण ते का हसले हे विचारले नाही. ती चूक तुझी नव्हती, आमची होती.