सिंहस्थ लागतो, लग्न लागत नाही

ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’ या इवल्याशा क्रियापदावर नऊ महिने खर्ची घातले आणि अखेरीस त्याचे ६४५ अर्थ नोंदविले, ही वार्ता २०११ साली प्रसिद्ध झाली. १९२८ साली पुऱ्या झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. ‘रन’ मराठीत आणू पाहणाऱ्याची मात्र त्रेधा उडते, कारण घोडा धावतो, नदी वाहते, दुकान चालते, नाक गळते आणि धुतल्या कापडाचा रंग जातो. निवडणुकीस अमेरिकेत उमेदवार धावतो, तर इंग्लंडात तोच उभा राहतो. आणि लोकशाहीचा कित्ता आपण लंडनचा गिरविल्यामुळे असेल कदाचित, आपलाही उमेदवार, कितीही धावाधाव करीत असला तरी, उभाच राहतो.

या तोलाचे क्रियापद मराठीत कोणते, असे कोणी पुसले तर मी बेलाशक ‘लागणे’ हे नाव घेईन, आणि त्याचा संसार पाहावयाचा तर त्र्यंबकेश्वरी जावे असे सुचवीन. नाशिकच्या स्थानकावर ‘त्र्यंबक गाडी लागली का?’ असा प्रश्न कानी पडतो, तेव्हा गाडी फलाटाशी येऊन उभी राहिली काय, एवढेच विचारणाऱ्यास हवे असते. परंतु जव्हार-मोखाड्याच्या बाजूने येणाऱ्यास घाट लागतो आणि त्या वळणांवर एखाद्या लेकरास जी ‘गाडी लागते’, तिच्यासाठी शेजारच्या बाईच्या पिशवीत लिंबू असावे लागते. नाशिकहून निघालेल्यास वाटेत अंजनेरी लागते. वस्तुतः डोंगर जागचा हलत नाही, हलतो तो प्रवासी. पण वाक्यात कर्तेपण डोंगराकडे जाते. पुढे देवळापाशी रांग लागते, उभ्या उभ्या तहान लागते, आणि आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या या कुशीत पावसाची झड लागली म्हणजे ब्रह्मगिरी दिवसेंदिवस नजरेस पडत नाही.

धातुपाठात ‘लग्’ या धातूचा अर्थ संग असा दिला आहे, म्हणजे चिकटणे, जडणे. त्याच धातूचे ‘लग्न’ हे रूप ज्योतिषात पूर्वक्षितिजास टेकलेल्या राशीस लाभले, आणि त्या राशीवरून साधावयाच्या मुहूर्ताचे नाव पुढे विवाहविधीलाच चिकटले. ‘लग्न लागते’ या साध्या वाक्यात एकच धातू दोनदा राबतो, हे अक्षता टाकणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. गुरू सिंह राशीत प्रवेशतो तेव्हा सिंहस्थ लागतो. शैव आखाड्यांचे साधू त्र्यंबकी कुशावर्तात आणि वैष्णव आखाड्यांचे नाशकात रामकुंडावर स्नान करतात. २०१५ साली हा सोहळा झाला होता. या काळात विवाह वर्ज्य मानण्याची जुनी चाल आहे, म्हणजे सिंहस्थ लागला की लग्न लागत नाही. आणि हे वाक्य परभाषेत न्यावयाचे तर पहिल्या ‘लागण्या’ला एक क्रियापद आणि दुसऱ्याला दुसरेच शोधणे भाग पडते.

त्र्यंबकक्षेत्राच्या स्थलपुराणातही या क्रियापदाचे स्थान मोठे आहे. गौतम ऋषींना गोहत्येचे पातक लागले, त्याच्या क्षालनार्थ त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून गंगा आणविली, आणि ती निसटू पाहू लागताच कुश टाकून तिला अडविले, ते कुशावर्त. पातक लागते, सुतक लागते, दृष्ट लागते, बट्टा लागतो. उलट पुण्य बहुधा लाभते किंवा मिळते, नाही तर जोडावे लागते. (क्वचित कोणी ‘पुण्य लागेल हो’ असा आशीर्वाद देतो, पण त्यात बहुधा काहीतरी मागणे असते.) याच गावी निवृत्तिनाथांची समाधी आहे. ती त्यांनी १२९७ साली ‘घेतली’ असे आपण म्हणतो. ध्यानस्थाची समाधी मात्र ‘लागते’. पहिलीत संकल्प आहे; दुसरी ज्याची त्याला येऊन भिडते, आणि तिथे तहानेची व समाधीची वाक्यरचना एकच.

तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या कुळांच्या नामावळ्या जतन केलेल्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की चोपडी निघते, आणि ‘अमुकराव तुमचे कोण लागतात?’ अशी विचारपूस सुरू होते. चुलत आजोबा ‘लागतात’ एवढे उत्तर मिळाले की वंशावळ पुढे सरकते. तलाठ्याच्या दफ्तरातही हेच क्रियापद कामास येते. वारसाचा फेरफार मंजूर झाला म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागते. न लागल्यास कज्जा, आणि कज्ज्याचा निकाल, तो कधी लागेल ते लागेल.

अशा क्रियापदाला समानार्थी शब्द मागणे हेच मुळी गैर. नोकरी लागते तेथे ‘मिळते’ चालेल, दिवा लागतो तेथे ‘पेटतो’, दूध खाली लागते तेथे ‘करपते’, विहिरीला पाणी लागते तेथे काहीच नीटसे चालणार नाही. अर्थ क्रियापदात थोडा आणि त्याच्या सोबतच्या नामात फार असतो. १८३१ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात, आणि पुढे १८५७ च्या सुधारित आवृत्तीत, मोल्सवर्थसाहेबांनी अशा क्रियापदांखाली उदाहरणांची रास ओतली, ती याच अडचणीपायी. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशालाही तेच करणे प्राप्त होते. नाम बदलण्याचीही गरज नाही, विभक्ती बदलली तरी पुरते: यात्रेकरू वाटेला लागला तर ठीक, त्याची वाट लागली तर अनर्थ.

दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभे राहून ‘लागणे’ जे काम करते ते मला सर्वांत नवलाचे वाटते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला सहस्रावधी माणसे लोटतात. पहाटे ती चालू लागतात, आणि दुपारी, पाय सुजल्यावर, त्यांना चालावे लागते. आरंभ आणि सक्ती, दोहोंना एकच सहायक. फरक एवढाच की सक्तीच्या वाक्यात, तहानेच्या आणि समाधीच्या वाक्यासारखाच, माणूस ‘त्यांना’ असा चतुर्थीत जाऊन बसतो आणि जे घडते ते त्याला घडते. आरंभाच्या वाक्यात मात्र तो पुन्हा प्रथमेत येतो, आपल्या पायांनी.