शेवाळाचे वायू आणि फ्रीजचा गॅस

सुरत म्हटले की आपल्याला साड्या आठवतात. पण याच सुरतच्या भेस्तान भागात नवीन फ्लोरिन कंपनीचा कारखाना आहे. फ्रीज थंड ठेवणारे वायू बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या कारखान्यांपैकी हा एक. यातले ‘सीएफसी’ वायू ओझोनचे छत्र विरळ करतील, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दिला होता.

हा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “सर, असले वायू निसर्गही सोडतोच ना? मग कारखान्यांनाच दोष का?”

पहिले वाक्य अगदी खरे आहे. समुद्रातले शेवाळ (कन्नडमध्ये ‘पाची’) ब्रोमिन आणि आयोडिन असलेले वायू सोडते. ध्रुवाजवळच्या बर्फाळ पाण्यातली शेवाळेही त्याला अपवाद नाहीत. १९९० च्या दशकात जर्मन संशोधकांनी त्यांचे मोजमाप केले. शेवाळावर ताण आला की त्याच्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साठते. ते निकामी करताना एक एन्झाइम समुद्राच्या पाण्यातले ब्रोमाइड वापरते. त्यातून ब्लीचिंग पावडरच्या जातकुळीतले द्रव्य तयार होते आणि पुढे ब्रोमोफॉर्म वायूरूपाने हवेत जातो.

मग फरक कुठे? आयुष्यात! ब्रोमोफॉर्म हवेत काही आठवडेच टिकतो. सीएफसी-१२ मात्र सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि सावकाश ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. चार दिवसांचा पाहुणा आणि घरात ठाण मांडून बसलेला माणूस, दोघांना एकच माप कसे लावायचे? ओझोनच्या थरातले सुमारे पाव ब्रोमिन अशा अल्पायुषी, मुख्यतः सागरी वायूंतून येते, हे खरे. पण तो निसर्गाचा जुना हिशेब आहे. आपण टाकली ती वरची भर.

२००८ साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे. १ जुलैला आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटावर भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झाले. आपल्या शेजारच्या गोव्यातील, वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. आणि १ ऑगस्टपासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांपुरती सवलत वगळता, भारताने सीएफसीचे उत्पादन थांबवले. हे सारे असेच पाळले गेले, तर अंटार्क्टिकावरचे छिद्र २०६६ च्या सुमारास भरून येईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

शेवाळाला आपण थांबवू शकत नाही, थांबवायची गरजही नाही. पण घरातला जुना फ्रीज भंगारात देताना त्यातला गॅस हवेत सोडू नका, तो काढून साठवून घ्या, एवढे मेकॅनिकला बजावणे आपल्या हाती नक्कीच आहे.