चरबी नसलेल्या उंदरांचे गुडघे

लठ्ठ माणसाच्या हाताची बोटं का दुखावीत? बोटांवर काही कुणी चालत नाही.

गुडघ्यांचं गणित डॉक्टरांच्या मते फार वर्षं सरळ होतं. अंगावर वजन जास्त, म्हणून हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, लवकर झिजते. आजही कठडा धरत धरत जिना चढून दवाखान्यात आलेल्या बाईंना पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘आधी वजन कमी करा’ हेच. पण जाड माणसांमध्ये बोटांच्या सांध्यांची झीजही, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, जास्त आढळत होता आणि तिथे हे गणित काही केल्या बसत नव्हतं. भार नाही, तरी झीज आहे. मग सांध्याला छळतंय कोण?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फर्शीद गिलाक आणि टिमोथी ग्रिफिन यांनी या प्रश्नाला हात घातला. गिलाक मूळचे सांध्यांवरच्या दाब-ताणांचे अभ्यासक, म्हणजे खरं तर वजनाच्याच बाजूचे साक्षीदार. त्यांनी घेतले ते जन्मजात महालठ्ठ उंदीर. मेदपेशी लेप्टिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडतात आणि ‘पोट भरलं’ हे मेंदूला त्यातून कळतं. या उंदरांपैकी काहींच्या अंगात लेप्टिन तयारच होत नव्हतं, तर काहींच्या पेशींना ते ओळखता येत नव्हतं. त्यामुळे ते खातच राहत. त्यांच्या अंगावरची चरबी साध्या उंदरांच्या सुमारे दहापट होती. एवढ्या ओझ्याखाली गुडघ्यांची चाळण झालेली असणार, असंच कुणीही म्हटलं असतं.

२००९ साली निकाल छापून आला. त्या उंदरांच्या गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस वाढलेला नव्हता. दहापट चरबी वाहणारे गुडघे धडधाकट होते.

वजनाची बाजू इथे लंगडी पडली आणि संशयाची सुई लेप्टिनकडे वळली. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. लठ्ठपणात सगळंच एकत्र येतं: वजन, तेलकट-तुपकट आहार, बिघडलेली साखर, अंगभर मुरलेला दाह. यातला नेमका गुन्हेगार वेगळा काढायचा तर एकच वाट होती. चरबी तेवढी काढून घ्यायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं.

हे काम झालं सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. गिलाक आता तिथे होते आणि प्रयोगाची धुरा केल्सी कॉलिन्स या तरुण संशोधिकेकडे होती. वापरलेले उंदीर अजबच होते. घटसर्पाच्या जंतूचं विष बनवणारं जनुक त्यांच्या अंगात घातलेलं होतं, पण ते जागं व्हायचं फक्त मेदपेशीत. मेदपेशी घडू लागली की स्वतःच्याच विषाने मरायची. म्हणून अंगात चरबी अशी नाहीच. तरीही हे उंदीर हडकुळे नव्हते. त्यांचं वजन साध्या भावंडांइतकंच भरत होतं आणि अंगात दाहही होता. म्हणजे चरबी सोडून आरोपी बहुतेक सगळे हजर.

मग गुडघ्यावर शस्त्रक्रिया. उंदराचा गुडघा तो केवढा! त्यात दोन हाडांमध्ये चकतीसारखी गादी असते. तिला जागेवर धरून ठेवणारा आतल्या बाजूचा बारीकसा बंध कापला की गादी सरकते, सांधा डळमळतो आणि काही आठवड्यांत कूर्चा फाटू लागते. साध्या उंदरांत तसंच झालं. चरबी नसलेल्या उंदरांची कूर्चा मात्र वाचली. त्यांना चरबीयुक्त खाणं घालून पाहिलं, तरी वाचली. जखम तीच, वजन तेच, दाह आहेच, आणि सांधा शाबूत!

मला या शोधातली सर्वांत धाडसी पायरी वाटते ती यापुढची. चरबीच्या अभावाने सांधा वाचला हे दिसलं, पण चरबी परत दिली तर? साध्या उंदराच्या चरबीचा लहानसा तुकडा या उंदरांच्या अंगात बसवला गेला. दुसऱ्या काही उंदरांना भ्रूणातल्या अशा पेशी दिल्या, ज्या अंगात गेल्यावर आपोआप मेदपेशी बनतात. ही चरबी इतकी थोडी होती की वजनाचा प्रश्नच नव्हता. तरीही जखमी गुडघे पुन्हा झिजू लागले.

२०२१ च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झालं. चरबीतून निघणारे रासायनिक निरोप सांध्याचं नुकसान करतात, हे आता नुसतं अनुमान राहिलं नव्हतं. आणि चरबी सांध्यापासून दूरच असते असंही नाही. प्रत्येकाच्याच गुडघ्याच्या वाटीखाली तिची एक उशी असते. जर्मन शल्यविशारद आल्बर्ट होफा यांनी १९०४ मध्येच या उशीच्या दुखण्याचं वर्णन केलं होतं. पुढे संशोधकांना रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवातही लेप्टिन सापडलं. चरबी आपली गप्प पडून राहिलेली असते, हा समज किती चुकीचा होता!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्यच. आणि वजनही निर्दोष सुटलेलं नाही. एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड हे औषध गुडघेदुखीच्या ४०७ लठ्ठ रुग्णांवर ६८ आठवडे तपासलं गेलं. ते घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी घटलं आणि वेदनाही खोट्या औषधाच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाल्या. त्यातला किती वाटा हलक्या झालेल्या भाराचा आणि किती घटलेल्या चरबीचा, हे त्या चाचणीने वेगळं केलेलं नाही.

डॉक्टरांना एवढीच विनंती, की दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला त्याच्या वजनाचा दोष देऊन घरी पाठवू नका. त्याच्या शरीरात काय चाललं आहे ते त्याला समजावून सांगा. आणि गुडघे दुखत असतील तर वाचकांनीही नुसत्या काट्यावर न थांबता कंबरेचा घेर मोजावा, बोटं दुखत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं.