हातातली कला आणि मालकाचा नकाशा



दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे एक सभासद आले होते. काम ऊस नोंदीचे होते, पण ते आटोपल्यावरही उठेनात. चहा झाला, मग हळूच म्हणाले, "पोराचं एक विचारायचं होतं."

मुलगा आयटीआय होऊन भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात साचे बनवण्याच्या कामावर आहे. मीरा रोडला तिघांत मिळून खोली. गाळ्यात परदेशी गिऱ्हाइकाचे नकाशे येतात आणि त्यावरून साचे तयार होतात. दुसऱ्या एका मालकाने त्याला दीडपट पगार कबूल केला. अट एकच. येताना ते नकाशे पेनड्राइव्हवर उतरवून आणायचे. मुलाचे म्हणणे असे, "गिऱ्हाईक साता समुद्रापलीकडं. त्याला काय कळतंय? अन् नकाशा जिथल्या तिथंच राहणार, मी नुसती नक्कल घेणार. मग ही चोरी कशी?"

आपल्या सभासदांची कितीतरी मुले आज मुंबईच्या आसपास अशा कामांवर आहेत. म्हणून हा विषय सर्वांसमोर मांडत आहोत.

धंद्याचे गुपित म्हणजे काय?

मालकाने "गुप्त" असा शिक्का मारला म्हणून कोणतीही गोष्ट गुपित होत नाही. जागतिक व्यापार संघटनेबरोबर 1995 साली अमलात आलेल्या ट्रिप्स कराराच्या 39 व्या कलमात तीन कसोट्या दिल्या आहेत. ती माहिती त्या धंद्यातल्या लोकांना सर्रास ठाऊक नसावी. ती गुप्त आहे म्हणूनच तिला किंमत असावी. आणि ती जपण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतलेली असावी. भारत या कराराला बांधील आहे.

पेटंट ही वेगळी गोष्ट. पेटंट घेणाऱ्याला आपली कृती जाहीर करावी लागते आणि त्या बदल्यात त्याला 20 वर्षांचा हक्क मिळतो. गुपिताला मुदत नाही, पण ते एकदा फुटले की संपले. मडके फुटल्यावर पाणी ओंजळीत परत येत नाही, तसे.

आपल्या उसाचेच पाहा. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा को 86032 हा वाण बेण्याच्या रूपाने या बांधावरून त्या बांधावर गेला. कांडी लावली की तोच वाण उगवतो. तिथे लपवायला काही नाही, आणि ते सरकारी संशोधन शेतकऱ्यांसाठीच होते. पण संकरित बियाण्याचे तसे नसते. त्याचे नर आणि मादी वाण ज्याच्या हाती, त्याच्याच हाती ते बियाणे.

मक्याच्या शेतातला चोर

2011 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील आयोवा राज्यात एका बियाणे कंपनीच्या मक्याच्या प्लॉटमध्ये एक अनोळखी माणूस गुडघ्यावर बसून माती उकरताना देखरेख करणाऱ्याला दिसला. तपास लागला तेव्हा कळले की तो चीनमधल्या एका कंपनीसाठी मक्याचे मूळ नर-मादी वाण गोळा करीत होता. लाह्यांच्या खोक्यांत दडवून बियाणे बाहेर नेण्याचाही प्रयत्न झाला होता. 2016 साली त्याने गुन्हा कबूल केला व त्याला 3 वर्षांची कैद झाली. असा एक मूळ वाण तयार करण्यामागे 5 ते 8 वर्षांचे संशोधन आणि किमान 3 ते 4 कोटी डॉलर खर्च असतो, असे तेथील सरकारी पक्षाने सांगितले.

मूठभर दाणे, असे कोणी म्हणेल. पण त्या मुठीत दुसऱ्याचे आठ हंगाम होते.

आपल्याकडचे उदाहरण

2002 साली मुंबईतील एका सॉफ्टवेअर कंपनीकडे सॉलिडवर्क्स या अमेरिकन कंपनीचे काम होते. यंत्रांचे नकाशे संगणकावर काढण्याची जी प्रणाली ही कंपनी विकते, तिच्यातील दोष काढण्याचे ते काम. नोकरी सुटलेल्या एका इंजिनिअरने त्या प्रणालीचा मूळ मजकूर सॉलिडवर्क्सच्या अमेरिकेतील प्रतिस्पर्ध्यांना विकायला काढला, असा आरोप झाला. अमेरिकन तपास यंत्रणेचा माणूस गिऱ्हाईक बनून आला आणि दिल्लीत सीबीआयने त्या इंजिनिअरला पकडले.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की खबर प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेच फुटली. 2006 साली कोका-कोलाची गुपिते पेप्सीला विकायचा प्रयत्न झाला, तेव्हाही पेप्सीनेच कोका-कोलाला कळवले. चोरीचा माल घेणाऱ्यालाही कोर्टाची धास्ती असते. शिवाय आज दुसऱ्याचे आणून देणारा उद्या आपलेही नेणार, हे त्यालाही कळते.

"लांबच्याला काय कळतंय?"

मीरा रोडला याचे उत्तर मिळून गेले आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरवर छापे घातले. अमेरिकन आयकर अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील लोकांना फोनवरून लुबाडण्याचे काम तिथे चाले. 700 हून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन चौकशी झाली, सुमारे 70 जणांना अटक झाली. तो गुन्हा फसवणुकीचा, गुपितचोरीचा नव्हे. पण मनाची समजूत तीच होती, की माणूस लांबचा आहे, दिसत नाही, त्याचे काय बिघडते? बिघडले त्याचेही, आणि पगारासाठी खुर्चीवर बसलेल्या पोरांचेही.

उलट बाजूही आठवा. 1995 साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले, तेव्हा आपण सारे चिडलो होतो. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द करवले. आपल्या आजीचे ज्ञान कोणी आपल्या नावावर करू नये, हा न्याय आपण मागितला. मग दुसऱ्याच्या घामाला वेगळे माप लावता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

धंद्याच्या गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा झालेला नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मधील आपल्या 289 व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. पण म्हणून मोकळीक आहे, असे कोणी समजू नये. नोकराने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेत 7 वर्षांपर्यंत कैद आहे. परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने संगणकातील माहिती उतरवून घेतल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. अमेरिकेचा 1996 चा कायदा अशा चोरीला 10 वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो.

मग माणसाने नोकरी बदलायचीच नाही का?

जरूर बदलावी. इथे आपल्या साखर कारखान्यातील पॅनमनचे उदाहरण घेऊ. पॅनमध्ये दाणा कधी धरला, पाक किती आटला, हे तो काचेवरचा थेंब बघून सांगतो. ही कला वर्षानुवर्षांच्या पाळ्यांतून त्याच्या हातात आली. दुसऱ्या कारखान्यात गेला तर ती त्याच्याबरोबर जाणार, आणि ती कोणी अडवू शकत नाही. पण प्रयोगशाळेची वही, यंत्राचे नकाशे, गिऱ्हाइकांची यादी हे त्याचे नव्हे. बाजारातली वस्तू विकत आणून, खोलून, ती कशी बनली हे स्वतःच्या डोक्याने शोधणे हीही चोरी नव्हे. हातात आणि डोक्यात मुरलेले आपले, कपाटातले मालकाचे, असा ढोबळ हिशेब ठेवावा.

मुलाला हेच सांगा, असे आम्ही त्या सभासदांना म्हणालो. रीतसर नोटीस दे, रिकाम्या हाताने नव्या जागी जा आणि पगार तोच देणार का ते विचार.

महिन्याभराने ते गव्हाणीजवळ भेटले. मुलाने विचारले होते. नवे मालक म्हणाले, नकाशे नसतील तर सध्या जागा नाही.

"म्हणजे त्याला माझं पोरगं नकोच होतं," सभासद म्हणाले. मुलगा जुन्याच गाळ्यात आहे. पगार अजून वाढलेला नाही आणि खोलीचे भाडे मात्र वाढले आहे, हेही खरे. ज्यांची मुले बाहेरगावी कामावर आहेत त्यांनी सुट्टीत मुलगा घरी आला की पगाराबरोबर हेही एकदा विचारून घ्यावे, एवढीच विनंती.