गिरणी आली, तरी माग का टिकला?

सावनेर तालुका कापसाचा. त्याच तालुक्यात कन्हानकाठचं खापा हे जुनं विणकरांचं गाव. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे आली, 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमाग बुडाला, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. आधी बुडाला तो चरखा. विलायती आणि पुढं गिरणीच्या सुतानं घरोघरी कातणाऱ्या बायकांचं काम हिरावलं. विणणाऱ्या कोष्ट्याला मात्र एकसारखं, पिळदार सूत आयतं मिळू लागलं. ताण्याला तसंच सूत लागतं. खळ देऊन ताणलेला उभा धागा फणीत सतत घासला जातो. कच्चं सूत तिथं तुटतं आणि तुटलेले धागे सांधण्यातच मजुरी बुडते. खादीच्या काळात हातसूत घ्यायला अनेक विणकर कां-कूं करत. त्यात देशप्रेमाचा प्रश्न नव्हता, पोटाचा होता.

पण नुसत्या स्वस्त सुतावर माग तगला नसता. त्याला तारलं काठानं. लुगड्याचं अंग एका रंगाचं आणि काठ दुसऱ्या रंगाचे. आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणारा एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तर अंगाचा बाणा काठातही शिरतो आणि काठाचा रंग मळका दिसतो. म्हणून तीन धोटे: एक अंगाचा, दोन काठांचे. दोन रंगांचे आडवे धागे सांध्यावर दर फेरीला एकमेकांत अडकवायचे. विदर्भाच्या करवतकाठी टसर साडीत काठ अंगाला मिळतो तिथं करवतीचे दाते उमटतात. वेगातच नफा शोधणाऱ्या गिरणीला हे थांबत थांबत विणणं परवडणारं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, मग आज माग बंद का पडताहेत? कारण यंत्रमागानं काठाची नक्कल स्वस्तात केली, आणि नऊवारी नेसणंही कमी झालं. 1985 च्या कायद्यानं हातमागासाठी कापडाचे 22 प्रकार राखून ठेवले. पुढं ते 11 वर आले. नक्कल ओळखता येत नसेल, तर राखीव यादीचा विणकराला फारसा उपयोग नाही. ओळखणं मात्र अगदीच अवघड नाही: साडी उलटून काठ पाहावा. अंगाच्या रंगाचा बाणा काठात मिसळलेला दिसला, तर ते काम तीन धोट्यांचं नाही.