जंबुकेश्वराची माध्यान्ह पूजा

तंजावरला आलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली कोरवलेला भोसले वंशाचा मराठी लेख पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो आणि परतीला लागतो. त्याने आणखी एक दुपार राखून ठेवावी.

सकाळीच कल्लणैच्या वाटेने निघावं. करिकाल चोळाच्या नावानं ओळखला जाणारा हा 329 मीटर लांबीचा बंधारा कावेरीचं पाणी आजही तंजावरच्या भातखाचरांकडे वळवतो. त्याच्या वरच्या अंगाला कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांनी वेढलेलं बेट आहे. त्यावरच्या श्रीरंगमला सगळेच जातात. त्याला लागूनच तिरुवानैकावलला जंबुकेश्वर आहे, तिथे फार थोडे थांबतात.

पंचमहाभूतांच्या पाच शिवस्थानांपैकी हे जलाचं. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं की पुजाऱ्यालाही वाकूनच आत जावं लागतं. आपण नऊ छिद्रांच्या गवाक्षातून पाहायचं. लिंगाच्या बुडाशी जमिनीतून पाणी झिरपतं. त्र्यंबकेश्वर पाहिलेल्याला हे पाणी परकं वाटणार नाही.

अखिलांडेश्वरीनं कावेरीच्या पाण्याचंच लिंग केलं आणि त्याची पूजा मांडली, अशी इथली कथा. शिवानं तिला उपदेश केला. म्हणून इथे ती पत्नी नव्हे, शिष्या. इतर शिवालयांत थाटामाटात होणारं देवाचं लग्न इथे लागत नाही. आणि ती पूजा अजून रोज होते.

दुपारी बाराच्या सुमारास देवीकडचे गुरुक्कळ, म्हणजे पुजारी, साडी नेसतात. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार. नागस्वरम आणि तविल सुरू होतं, पुढे देवळाची हत्तीण चालू लागते, आणि देवीच्या देवळातून ही मिरवणूक जंबुकेश्वराकडे येते. पुरुषानं साडी नेसलेली पाहून कोणी हसत नाही, कुजबुजतही नाही. वाटेतली माणसं हात जोडतात, कारण त्यांच्या लेखी चालतेय ती देवीच. गुरुक्कळ गाभाऱ्यात वाकून शिरतात, अभिषेक करतात, आरती ओवाळतात. मग बाहेर गायीची पूजा होते. मला सगळ्यात भावली ती त्यांची चाल. तिच्यात अभिनय कुठेच नव्हता. रोजचं काम नीट करणाऱ्या माणसाची सावकाश, सरावलेली चाल होती ती.

श्रीरंगमचं वैभव मोठं आहे, मान्य. पण देव आणि नदी यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर मी जंबुकेश्वरालाच आधी जाईन. तुम्ही गेलात तर साडेअकरालाच देवीच्या दारापाशी उभे राहा, आणि गायीची पूजा होईपर्यंत हलू नका. त्यानंतर देऊळ दुपारपुरतं बंद होतं.