हातातील हत्यार आणि हाताची सुरक्षितता

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे मोटारीचे इंजिन बसवून हेलिकॉप्टर तयार करणाऱ्या एका तरुण कारागिराचा, चाचणीच्या वेळी पंख्याचे पाते तुटून डोक्यास लागल्याने, मृत्यू झाला. केवळ कौशल्य जीविताचे रक्षण करीत नाही, हे या दुर्घटनेने दाखविले.

चाकण, वाळूज येथील मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत आणि गावोगावच्या गॅरेजमध्ये साध्या हत्यारांनाही हेच लागू पडते. मूठ नसलेल्या कानशीचे टोक तळहातात घुसते. डोक्याच्या कडा पसरलेल्या छिन्नीची कपची उडून डोळ्याला लागते. मापाचा नसलेला पाना निसटून बोटे सोलवटतात.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. कामापूर्वी हत्यार तपासावे, छिन्नीचे डोके घासून घ्यावे, चष्मा वापरावा आणि पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. इजेची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी आणि राज्य कामगार विमा योजनेतील नोंदणीमुळे उपचार व बुडालेल्या वेतनापोटी साहाय्य मिळते, ही माहिती कामासाठी शहरात जाणाऱ्या तरुणांना पंचायत सदस्यांनी द्यावी. गेलेले बोट परत येत नाही; मात्र ते वाचविणे पुष्कळदा आपल्याच हाती असते.